गाडीच्या टपावरची वीज

कॅम्परव्हॅनसाठी सोलर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "किती वॅटचं पॅनेल घेऊ?" दुकानदार टपाची लांबी विचारतो, मावेल तेवढं मोठं पॅनेल दाखवतो आणि व्यवहार होतो. मग त्या पॅनेलला बॅटरी जुळवायची, बॅटरीला कंट्रोलर जुळवायचा, आणि रात्री दोन वाजता फ्रीज बंद पडला की दोष सोलरला द्यायचा. हा क्रम उलटा करा. आधी गाडीतला विजेचा वापर मोजा, त्यावरून बॅटरी ठरवा, मग टप मोजा. हे तिन्ही आकडे कागदावर उतरल्याशिवाय पॅनेलच्या दुकानाची पायरी चढू नका.

पुढची कृती एका ठरावीक गाडीसाठी लिहिली आहे. जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन आतून राहण्याजोगी करून घेतलेली, चौघांचं कुटुंब, आणि दिवाळीनंतर ते मेअखेरपर्यंत कोकण, ताडोबा, हंपी असा प्रवास. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

वापराचा हिशेब

एक वही घ्या. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि ते दिवसात किती तास चालणार, यांचा गुणाकार लिहा. उत्तर वॅट-तासात येतं; असे एक हजार वॅट-तास म्हणजे घरच्या बिलातलं एक युनिट.

बारा व्होल्टवर चालणारा ४५ लिटरचा कंप्रेसर फ्रीज साधारण ५० वॅट घेतो आणि उन्हाळ्यात दिवसातले बारा तास तरी त्याचा कंप्रेसर चालतो, म्हणजे ६००. वीस वॅटचे दोन डीसी पंखे नऊ तास, ३६०. पाच वॅटचे पाच एलईडी पाच तास, १२५. लॅपटॉप ६० वॅटचा तीन तास, १८०. चार फोन ६०. पाण्याचा पंप जेमतेम २५. मिक्सर ७५० वॅटचा असला तरी पाच मिनिटंच चालतो, म्हणून ६० पुरे. बेरीज १,४१०. वायर, चार्जिंग आणि इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज धरून १,६०० वॅट-तास, म्हणजे रोज दीड युनिटाहून थोडं जास्त.

या यादीत एक गोष्ट लिहायची हमखास राहते. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी तो दहा-पंधरा वॅट खात बसतो. चोवीस तासांत ते २४० ते ३६० वॅट-तास होतात, जवळपास दोन्ही पंख्यांइतके. म्हणून पंखे, दिवे, फ्रीज, फोनचं चार्जिंग हे सगळं थेट बारा व्होल्टवर घ्या. इन्व्हर्टर मिक्सर-लॅपटॉपपुरता लावा आणि काम झालं की त्याचं बटण बंद करा. पैसे वाचवायचा याहून सोपा मार्ग या सगळ्या व्यवहारात नाही.

एसीबद्दल स्पष्ट बोलतो. रात्रभर एसी चालवायला पाच-सहा युनिटं लागतात. तेवढी वीज साठवणारी बॅटरी आणि ती दिवसा भरणारी पॅनेलं या आकाराच्या गाडीवर मावत नाहीत. एसी हवाच असेल तर मुक्कामाच्या ठिकाणी प्लग मिळेल अशी जागा निवडा. टपावर एसीसाठी सोलर लावून देतो म्हणणाऱ्याकडे वॅट-तासांचा हिशेब लेखी मागा.

बॅटरी

गाडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांच्या (एएच) बॅटरीत २,५६० वॅट-तास मावतात आणि त्यातले नव्वद टक्के बिनधोक वापरता येतात. आपल्या कुटुंबाला ती एक दिवस आणि वर एक रात्र पुरेल. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी स्वस्त मिळते खरी, पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणजे १५० एएचच्या दोन लागतात, प्रत्येकी पन्नास किलोच्या पुढे, त्यांत पाणी घालायचं, आणि चार्जिंगच्या वेळी त्यांतून हायड्रोजन सुटतो. ज्या डब्यात मुलं झोपतात तिथे हे नको. लिथियमची एकच मोठी अट आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही. लेह-स्पितीला जायचं असेल तर थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी बीएमएस (बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट) आहे का, हे विचारून घ्या.

इथेच इंजिनाचाही विचार करा. गाडी चालत असताना अल्टरनेटरची वीज डीसी-टू-डीसी चार्जरमधून या लिथियम बॅटरीला देता येते. ३० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे ४०० वॅट-तास भरतो. पुण्याहून गणपतीपुळ्याला पोहोचेपर्यंत बॅटरी जवळजवळ भरलेली असते. जे रोज जागा बदलतात त्यांनी आधी हा चार्जर घ्यावा आणि पॅनेलं कमी लावावीत. जे एका ठिकाणी चार-चार दिवस मुक्काम ठोकतात त्यांना मात्र टपावरची पॅनेलं हवीतच. नव्या बीएस-सहा गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज गाडीचा संगणक कमी-जास्त करतो, त्यामुळे मधे चार्जर न घालता थेट वायर ओढू नका.

टप

शिडी लावून वर चढा आणि टपाचा नकाशा काढा. व्हेंट, अँटेना, सामानाचं कॅरिअर, पत्र्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या, सगळं टेपनं मोजून. मग पॅनेलच्या मापाचे पुठ्ठे कापा आणि वर ठेवून बघा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता पुन्हा चढून व्हेंटची सावली कुठल्या पुठ्ठ्यावर पडते ते पाहा. पॅनेलच्या कोपऱ्यावरची वितभर सावलीही त्याचं निम्मं उत्पादन खाऊ शकते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. पुठ्ठे सरकवायला खर्च येत नाही, बोल्ट मारल्यावर येतो.

कलत्या स्टँडचा आग्रह धरू नका. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीसही दुपारी तो क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, आणि आडव्या पॅनेलला तेव्हा थेट उन्हाचा तीन-चतुर्थांश भाग मिळतो. उचलून तिरपं करायचं स्टँड म्हणजे घाटातल्या वाऱ्याला दिलेलं आमंत्रण.

उन्हाळ्यातली खरी अडचण वेगळीच आहे. गाडी आंब्याखाली लावली तर आत झोपता येतं, पण पॅनेलं मरतात. उन्हात लावली तर पॅनेलं चालतात आणि माणसं भाजतात. यावर उपाय म्हणजे शंभर-सव्वाशे वॅटचं एक घडीचं पॅनेल आणि त्याला आठ-दहा मीटर लांब केबल. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात. बजेटमध्ये याची जागा पहिल्यापासून राखून ठेवा.

किती वॅट, कोणती पॅनेलं

पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्या टपावर एप्रिलच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापतो. साध्या मोनो पर्क पॅनेलचं उत्पादन दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घटतं, म्हणजे ४० अंश वाढीला चौदा टक्के तिथेच गेले. त्यात धूळ, आडवी मांडणी, वायर. महाराष्ट्रात कोरड्या महिन्यांत दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं, तर शंभर वॅटच्या पॅनेलकडून ५०० नव्हे, ३५० वॅट-तास अपेक्षित ठेवा. आपली गरज १,६००. भागाकार केला की साडेचारशेच्या थोडं वर येतं. ४८० वॅट घ्या. जुलैत कोकणात याच्या निम्मंही मिळेल असं धरू नका. पावसाळ्यासाठी पॅनेलं वाढवत बसण्यापेक्षा तेव्हा डीसी चार्जरवर आणि मुक्कामाच्या प्लगवर भिस्त ठेवा.

हे ४८० वॅट कसे मिळवायचे? घराच्या छतावर लावतात ते ५४० वॅटचं एकच पॅनेल हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण मोठ्या पॅनेलचा दर वॅटमागे नेहमी कमी पडतो. त्याचं माप सुमारे २२७८ बाय ११३४ मिलिमीटर, वजन २८ किलोच्या आसपास. टपावर व्हेंट नसेल आणि सलग जागा असेल तर हा पर्याय वाईट नाही. तरी मी सुचवीन १२० वॅटची चार पॅनेलं. मोठी काच खड्ड्यांत जास्त लवते, आणि ती फुटली तर सगळी वीजच गेली. चार लहानांत एक गेलं तरी जेवण थंड राहतं. शिवाय ती व्हेंटच्या पुढे-मागे बसवता येतात.

लवचीक, चिकटवायची पॅनेलं दिसायला मोहक असतात. पत्र्याला चिकटली की खालून हवा खेळत नाही, तापतात, आणि काही वर्षांत वरचं प्लास्टिक धुरकट होतं. वर उचलायचं हलकं फायबरचं छत असेल तरच ती घ्या. दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या बायफेशियल पॅनेलसाठी जादा पैसे देऊ नका, कारण त्याच्या पोटाखाली तुमचा पत्रा आहे, तिथे ऊन पोहोचत नाही. टॉपकॉन सेल मात्र उष्णतेत पर्कपेक्षा थोडे कमी घसरतात. दर फार वेगळा नसेल तर ते घ्या.

कंट्रोलर आणि जोडणी

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला कंट्रोलर एमपीपीटीच हवा, म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढणारा. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर खाली ओढतो. १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देणारं शंभर वॅटचं पॅनेल १३ व्होल्टच्या बॅटरीवर मग ७२ वॅटच देतं. पॅनेलवर खर्च केलेल्या पैशाचा चौथा हिस्सा इथे वाया जातो.

आता जोडणीकडे लक्ष द्या, कारण इथे जाणकारही चुकतात. बारा व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं ३६ सेलचं पॅनेल काम करताना १८ व्होल्ट देतं. तापलं की हा व्होल्टेज १५ पर्यंत उतरतो. लिथियम बॅटरी भरताना १४.२ ते १४.४ मागते. सगळी पॅनेलं समांतर जोडली तर ऐन दुपारी कंट्रोलरला वर फारसा व्होल्टेज उरत नाही, आणि अनेक कंट्रोलर बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त मिळाल्याशिवाय चालूच होत नाहीत. चारही एकामागे एक जोडली तर एकावर पडलेली सावली सगळ्यांना नडू शकते. म्हणून दोन-दोनची जोडी करा: पुढची दोन मालिकेत, मागची दोन मालिकेत, आणि दोन्ही जोड्या समांतर. व्होल्टेज ३६ मिळतो, तापल्यावरही ३० राहतो, आणि झाडाची फांदी मागच्या जोडीवर आली तरी पुढची जोडी चालू राहते.

या मांडणीला १०० व्होल्ट, ४० अँपिअरचा कंट्रोलर जुळतो. उघड्या तारांवर जोडीचा व्होल्टेज ४४ च्या आसपास असतो, कडाक्याच्या थंडीत ४८ पर्यंत चढतो. शंभराच्या मर्यादेत निवांत. टपावरून कंट्रोलरपर्यंत सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची सोलर केबल घ्या, पाच मीटर अंतरावर जेमतेम एक टक्का वीज जाते. कंट्रोलर ते बॅटरी मात्र जाड वायर, सोळा चौरस मिलिमीटरची, आणि दीड मीटरच्या आत. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ५० अँपिअरचा फ्यूज. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर वायर वितळेपर्यंत वीज ओतत राहते, म्हणून हा फ्यूज पहिल्याच दिवशी बसला पाहिजे.

दुकानात

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा माल मिळतो, शहरोशहरी सोलरचे डीलरही आहेत. कुठेही घ्या, पण दिवस निरभ्र आणि वेळ अकरा ते दोनची निवडा. सोबत टेप, मल्टिमीटर, पुठ्ठ्याचा तुकडा आणि आपली वही. पॅनेल उन्हात आणून तपासू देणार नाही अशा दुकानातून काहीही घेऊ नका.

आधी टेप काढा. लांबी-रुंदी फुटांत मोजून क्षेत्रफळ काढा आणि छापलेल्या वॅटना त्यानं भागा. चांगल्या मोनो पॅनेलला चौरस फुटाला साधारण १७ ते २० वॅट येतात. भागाकार २२ च्या वर गेला, तर स्टिकर खोटं आहे असं समजा. छोट्या पॅनेलांच्या बाजारात हे सर्रास चालतं, आणि टेपला कुणी फसवू शकत नाही.

मग पाठीमागची पट्टी वाचा. तिथे कमाल वॅट, उघड्या तारांचा व्होल्टेज, शॉर्टचा करंट, आणि कामाचे व्होल्टेज व करंट छापलेले असतात. शेवटच्या दोघांचा गुणाकार वॅटइतका आला पाहिजे: १८ गुणिले ६.६७ म्हणजे १२०. स्वतःच्याच गुणाकाराशी न जुळणाऱ्या पट्ट्या बाजारात आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा 'आर' अक्षरापासून सुरू होणारा क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा, हे कळतं.

डोळ्यांनी पाहताना पॅनेल तिरपं धरा. सेलवर केसासारखी रेघ, गोगलगाय फिरल्यासारखा करडा माग, काचेखाली बुडबुडा, कोपऱ्यात सैल फ्रेम, यांतलं काहीही दिसलं तर दुसरं मागा. मागचा जंक्शन बॉक्स चारी बाजूंनी सलग चिकटवलेला हवा. वापरलेली पॅनेलं घेत असाल तर पाठीच्या पांढऱ्या थरावरून बोट फिरवा. खडूसारखी भुकटी लागली तर तो थर संपत आलाय.

आता ऊन. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन्ही तारा लावा. आकडा पट्टीवरच्यापेक्षा पाच-आठ टक्के कमी येईल, पॅनेल तापलंय म्हणून, तेवढं चालतं. नंतर करंट. पॅनेल पालथं घाला, मीटरची लाल तार दहा अँपिअरच्या भोकात घाला, जोडणी करा, आणि मग पॅनेल सूर्याकडे करा. शॉर्ट केल्यानं पॅनेलला काही होत नाही, पण ऊन असताना तारा ओढून काढल्या तर ठिणगी उडते, म्हणून काढण्याआधी पुन्हा पालथं घाला. आकडा दहा सेकंदांत वाचून टाका. १२० वॅटच्या पॅनेलला सात अँपिअरच्या आसपास हवेत. ऊन कमी असेल तर आकडा त्याच प्रमाणात घटेल, म्हणून एकट्या आकड्यावर वाद घालू नका. चारही पॅनेलं एकामागून एक, त्याच उन्हात, त्याच कोनात मोजा. तीन-चार टक्क्यांचा फरक चालेल. एखादं त्याहून मागे पडलं तर ते परत द्या, कारण मालिकेतल्या जोडीत अशक्त पॅनेल दुसऱ्यालाही आपल्याच चालीनं चालवतं.

शेवटची चाचणी क्षणभराची आहे. करंट मोजत असतानाच एक सेल पुठ्ठ्यानं पूर्ण झाका. आकडा फारसा हलला नाही तर सावलीतल्या सेलला वळसा घालून करंट नेणारे आतले बायपास डायोड शाबूत आहेत. आकडा कोसळला तर ते पॅनेल झाडाखालच्या मुक्कामाच्या लायकीचं नाही.

कागद

पक्कं बिल घ्या, चारही पॅनेलांचे सीरियल नंबर त्यावर लिहून. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवर जीएसटी ५ टक्के आहे, जुन्या १२ टक्क्यांनी बिल फाडू देऊ नका. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घराच्या छतावरच्या, ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. गाडीला ते मिळत नाही, त्यामुळे त्या योजनेसाठी लागणारी महाग डीसीआर (देशी बनावटीची) पॅनेलं घ्यायचं कारण नाही.

पंचवीस वर्षांच्या वॉरंटीवर भाळण्याआधी ती शेवटपर्यंत वाचा. अनेक कंपन्या वाहनावर, बोटीवर किंवा हलत्या जागी लावलेल्या पॅनेलांना वॉरंटीतून वगळतात. तसं असेल तर डीलरकडून वाहनासाठीचं आश्वासन बिलावरच लिहून घ्या. गाडीत बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लागू होतं, म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीत बोल्ट मारण्याआधी विचारा, नंतर नाही.

बसवताना

ताशी शंभर किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सत्तेचाळीस किलोच्या घरात जातो. समोरून ट्रक आला की आणखी वाढतो. त्यामुळे नुसत्या पत्र्यात स्क्रू मारून भागत नाही. बोल्ट टपाच्या आडव्या पट्टीत बसवा, फायबरचं छत असेल तर आतून धातूची पट्टी लावा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच, कोकणच्या खाऱ्या हवेत दुसरे टिकत नाहीत. पॅनेल आणि पत्रा यांत दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा, खालून वारा गेला की पॅनेलही थंड राहतं आणि गाडीही. भोकांना पॉलियुरेथेन सीलंट लावा आणि पूर्ण सुकेपर्यंत गाडी हलवू नका.

पहिला घाट उतरल्यावर गाडी बाजूला घेऊन प्रत्येक बोल्टला पाना लावा. पहिल्या निरभ्र दुपारी, बॅटरी अर्धी रिकामी असताना, कंट्रोलरवर किती वॅट येतात ते वहीत लिहून तारीख टाका: ४८० च्या मांडणीत साडेतीनशे ते चारशे दिसले तर सगळं जागेवर आहे. अडीचशेच्या आत राहिले तर एका जोडीच्या तारांचा एमसीफोर कनेक्टर नीट बसलेला नाही असं समजून आधी तोच तपासा, आणि दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत तपासा.